दुपारी दोनचा आकडा

गेल्या उन्हाळ्यात आर्वीच्या आमच्या सुयोगनगर लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, जे काही झालं त्याला मी जबाबदार आहे, असं माझी बायको शरयू म्हणते. मी म्हणतो, जबाबदार थर्मामीटर आहे. मग ती विचारते, थर्मामीटर कोणी आणला? आणि आमच्या घरातली चर्चा नेहमीप्रमाणे माझ्यापाशी येऊन संपते.

खरं तर सुरुवात किसनरावांनी केली. किसनराव आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. लेआउटच्या मधोमध एक ओपन स्पेस आहे आणि तिच्या कडेला पाच मोठे कडुनिंब आहेत. हे निंब तोडून तिथे सिमेंटचं बहुउद्देशीय सभागृह बांधावं, असं किसनरावांच्या मनात आलं. बहुउद्देशीय म्हणजे नेमके कोणते उद्देश, हे कोणीही विचारलं नाही. मोठा शब्द आला की आमच्याकडे माणसं आधी मान डोलावतात आणि अर्थ घरी जाऊन बायकोला विचारतात.

मी मात्र निंबाखालच्या बाकावर बसल्या बसल्या म्हणालो, "अहो, वर्षागणिक ऊन वाढत चाललंय आणि तुम्ही सावली तोडायला निघालात?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला वासुदेवराव होते. हे माझे समोरचे शेजारी. जन्म शेतीत गेला, आता शेती मुलाकडे देऊन लेआउटमध्ये राहतात आणि रोज सकाळी माझं म्हणणं खोडून काढतात.

"ऊन वाढलं म्हनून कोनं सांगतलं तुमाले?" ते म्हणाले.

"सगळं जग सांगतंय."

"जगाचा नंबर हाय का तुमच्यापाशी? लावा फोन."

मी खिशातून मोबाईल काढला आणि व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की थोड्याच वर्षांत विदर्भाचं वाळवंट होणार, शास्त्रज्ञांची कबुली. वासुदेवरावांनीही मोबाईल काढला. त्यांच्या मेसेजमध्ये लिहिलं होतं की पृथ्वी उलट थंड होत चालली आहे, शास्त्रज्ञांची कबुली. दोन्ही मेसेजच्या शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' असं होतं, आणि नीट बघितलं तर दोन्ही आम्हाला एकाच माणसाने पाठवले होते. तो माणूस म्हणजे लेआउटच्या ग्रुपचे ॲडमिन भैयाजी. त्यांना गाठून जाब विचारला तर ते शांतपणे म्हणाले, "मी दोन्ही बाजू पाठवतो. ज्याले जे पटते ते त्यानं घ्यावं. मी सोता वाचत नाई, डोळ्याचं ऑपरेशन झालं ना."

मग वासुदेवरावांनी स्वतःचा पुरावा काढला. "मी पन्नास वर्षं वावरात उन्हात उभा हावो. माह्या पाठीले मालूम आहे. ऊन तेवढंच हाय. तुमी म्हातारे झाले, तं तुमाले ते जास्त लागून राह्यलं."

मीही माझा पुरावा काढला. पूर्वी आम्ही मे महिन्यात भर दुपारी पत्ते खेळायचो, कूलरचं नाव नव्हतं, वगैरे. हा पुरावा घरी शरयूला सांगितला तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तेव्हा तुमचं वय सत्तावीस होतं." बायकोला कोर्टात साक्षीला का नेऊ नये, ते मला त्या दिवशी समजलं.

वाद वाढत गेला. लेआउटमध्ये दोन तट पडले. शेवटी किसनरावांनी तोडगा काढला. "दत्तोपंत, मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आमसभा आहे. ऊन वाढून राह्यलं याचा पुरावा तुम्ही तिथं द्या. लेखी. दिला तर निंब राहतील. नाई दिला तर जूनच्या आत निंब साफ."

'लेखी' या शब्दाने माझा घात केला. मी तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड कोणाला दाखवता आली नाही. साहेब यायचे, बदलून जायचे, पण "दत्तोपंतांनी लिहिलंय ना, मग झालं," असं प्रत्येकजण म्हणायचा. आयुष्यात माझ्याजवळ इतरांनी मत्सर करावा असं तेवढंच होतं. मी किसनरावांना म्हणालो, "देतो. पण दुसऱ्याचे आकडे नाही. स्वतः मोजलेले."

माझी सून वेदश्री ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, एका उन्हाळ्याच्या मोजणीवरून ऊन वाढलं की नाही हे कळत नाही. मागच्याशी ताडून बघायला लागतं. हवामान खात्याच्या वर्ध्याच्या कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत. मी काढून देते."

"वर्ध्याचं ऊन वर्ध्याला," मी म्हणालो. "आणि दुसऱ्याने घेतलेल्या नोंदीवर मी सही करत नसतो."

ती उठून आत गेली. हुशार सुना बोलत नाहीत, त्या वाट बघतात.

आता मोजायचं कशाने? घरात थर्मामीटर होता. आमचा साकेत लहान असताना त्याचा ताप बघायचा काचेचा. मी तो सुतळीने अंगणातल्या तारेला टांगला. पहिल्या दिवशी दुपारी बेचाळीस. वहीत नोंद केली. संध्याकाळी पाहिलं, बेचाळीस. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पाहिलं, बेचाळीस! मी शहारलो. सूर्य उगवायच्या आधी बेचाळीस! तसाच चपला घालून वासुदेवरावांकडे गेलो आणि त्यांना झोपेतून उठवून सांगितलं की आता पहाटेसुद्धा पारा उतरत नाही, वासुदेवराव, आपण संपलो. तिसऱ्या दिवशीही बेचाळीस निघाला तेव्हा शरयू बाहेर आली, तारेकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "झटकला होता का?"

तापाचा थर्मामीटर झटकल्याशिवाय उतरत नाही, हे दोन मुलांचा बाप असलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं. मी वहीची तीन पानं फाडली. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी पान फाडलं नव्हतं.

मग एसटीने वर्ध्याला गेलो आणि शाळांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानातून खरा थर्मामीटर आणला. दुकानदाराने विचारलं, "कोणती शाळा?" मी म्हणालो, "स्वतःसाठी." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी न पिताच बाहेर पडलो. परतीच्या बसमध्ये तो थर्मामीटर मी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलो होतो. शेजारच्या बाईने आपल्या मुलाला माझ्यापासून दूर सरकवून बसवलं.

वेदश्री म्हणाली, तारेवर टांगू नका. हवा खेळेल अशा झडपांचा लाकडी डबा करा, पांढरा रंग द्या, चार पायांवर उभा करा, मोकळ्या जागेत ठेवा आणि दार उत्तरेला. एवढं मात्र मी ऐकलं. कैलास सुताराला सांगून डबा करून घेतला. काम चोख होतं. फक्त डब्याच्या डोक्यावर त्याने एक छोटा कळस कातून बसवला होता.

"हे काय रे?"

"साधा दिसून राह्यलाता भाऊ. मनलं, फ्रीमंदी लावून देतो."

फुकट मिळालेली वस्तू परत करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. कळस राहिला.

मोकळी जागा म्हणजे ओपन स्पेस, आणि ओपन स्पेस म्हणजे किसनराव. आमची सोसायटी ही निवृत्त कारकुनांनी निवृत्त कारकुनांसाठी चालवलेली असल्यामुळे तिथे कुंडी हलवायलाही अर्ज लागतो. अर्जाचा छापील नमुना आहे. त्यात ठेवायच्या वस्तूचा प्रकार लिहायला तीनच रकाने होते: मांडव, पाण्याची टाकी, लहान देवस्थान.

"हवामान केंद्र असा रकाना नाही का?" मी विचारलं.

"नाई. मांडव लिहिलं तर पाच दिवसांत काढावा लागन. टाकी लिहिली तर नळाचं कनेक्शन दाखवावं लागन." किसनरावांनी चष्मा पुसला. "लहान देवस्थानाले मुदत नाई. आपल्यातल्या आपल्यात काय हो, करा टिक."

मी पेन हातात धरून थोडा वेळ थांबलो होतो, हे इथे नमूद करतो. आयुष्यभर लोकांना मी सांगत आलो की रकाना चुकला तर कागद चुकला, आणि कागद चुकला तर माणूस चुकला. पण सभा दीड महिन्यावर होती. मी टिक केली. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: 'श्री. दत्तोपंत यांस ओपन स्पेसमध्ये लहान देवस्थान बसविण्यास परवानगी देण्यात येत आहे.' ती मी वाचली, अक्षर सुबक होतं, म्हणून समाधानाने घरी आलो.

आणि मोजणी सुरू झाली. रोज दुपारी दोनला. डोक्याला ओला दुपट्टा बांधायचा, फाटक उघडून ओपन स्पेसमध्ये जायचं, चपला काढून डब्यासमोरच्या पाटावर चढायचं (पाट मळू नये, अशी शरयूची अट), दार उघडायचं, एक डोळा मिटून पारा बघायचा आणि वही काढेपर्यंत विसरू नये म्हणून आकडा तीन-चारदा पुटपुटायचा. बघणाऱ्याला हे काय दिसत असेल, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मी शास्त्र करत होतो.

पहिले आठ दिवस त्रेचाळीस, चव्वेचाळीस. ठीक. मग एक दिवस शेहेचाळीस. मग साडेसत्तेचाळीस. मे उजाडला आणि आकडा एकोणपन्नासवर गेला. ग्रुपवर मी रोज आकडा टाकायचो आणि खाली माझं पूर्ण नाव, 'निवृत्त' या शब्दासह. अंगठे येऊ लागले. हात जोडलेली चित्रं तर एवढी येऊ लागली की मला वाटलं, लोकांना विज्ञानाची गोडी लागतेय.

डब्याच्या छताला आतून काजळी धरू लागली. मी वहीत 'प्रदूषण' असा नवा रकाना आखला. दाराच्या कडीपाशी लाल डाग पडले. मी लिहिलं, 'गंज.' एकदा आत खोबऱ्याचा तुकडा सापडला. मी लिहिलं, 'खारींचा उपद्रव.' आत तेलाचा वास येई. तो वर्ध्याच्या दुकानाचा असणार, असं मी ठरवलं. मी फाटकाबाहेर पडलो की समोरून चार-पाच बाया डोक्यावर पदर घेऊन ताटं झाकून लगबगीने जाताना दिसायच्या. भाजीला निघाल्या असतील, असं मला वाटायचं. मे महिन्यात दुपारी दोनला आर्वीत भाजीला कोण जातं, हा प्रश्न मला पडला नाही. जगाचं तापमान मोजणाऱ्या माणसाला इकडेतिकडे बघायला वेळ नसतो.

निशांत नावाचा एक पोरगा मोबाईलवर गावच्या बातम्यांचं चॅनेल चालवतो. त्याने माझा आकडा उचलला. 'आर्वी @ ५१! सुयोगनगरातील तपस्वीचा दावा.' तपस्वी हा शब्द मला आवडला नाही असं मी चारचौघांत म्हणालो, आणि ती बातमी घरी सहा वेळा लावली. बातमीखाली भांडणं जुंपली. निम्मे म्हणाले जग बुडालं. निम्मे म्हणाले हा म्हातारा विकला गेलाय. कारंजा घाडगेच्या कोण्या हॉटेलवाल्याला आमचा मोठेपणा सोसला नाही. त्याने लिहिलं, 'आमच्याकडे बावन्न!' आणि पुरावा म्हणून उन्हात उभ्या ट्रकच्या आतल्या तापमानाच्या काट्याचा फोटो टाकला. मी त्याला दोन पानी उत्तर लिहिलं, की बंद ट्रकमध्ये काटा ठेवून मोजणं हा विज्ञानाचा अपमान आहे, मोजमाप कुठे आणि कसं घेतलं हे आधी तपासावं. ते उत्तर आजही तिथे आहे. काढायला सांगितलं तर निशांत म्हणतो, काका, सगळ्यात जास्त हसरे चेहरे त्यालाच येतायत.

वासुदेवराव मात्र बाकावर बसून एवढंच म्हणायचे, "पंत, माह्या आंगनात तं एवढं वाटून नाई राह्यलं."

"वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, वासुदेवराव," मी म्हणायचो. हे वाक्य म्हणताना मान जरा वर जायची. जाऊ द्यायचो.

एक दिवस जेवताना वेदश्री म्हणाली, "बाबा, आज वर्ध्याला चव्वेचाळीस आहे. आपल्याकडे एकावन्न कसं असेल? एकदा डबा तपासून बघूया का?" मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी फक्त 'हं' एवढंच बोललो. तिसऱ्या दिवशी वांग्याची भाजी तिने केली होती, म्हणून 'छान' म्हणालो, पण तेही ताटाकडे बघत.

सभेचा रविवार उजाडला. सभा संध्याकाळी पाचला होती. निशांतला सभेआधी डब्याजवळ माझा फोटो हवा होता, आणि दुपारी त्याला कारंजाला लग्नाला जायचं होतं. म्हणून आम्ही साडेबारालाच निघालो. ओपन स्पेसमध्ये पाच-सहा बाया डब्याभोवती उभ्या होत्या. मला वाटलं, नोंदी बघायला आल्या असतील. मी मोठ्या अभिमानाने पाटावर चढलो आणि दार पूर्ण उघडलं.

आत पाच दिवे तेवत होते. मधोमध थर्मामीटर. त्याला झेंडूचा हार. पारा चोपन्नवर.

मी पाटावरून पडलो नाही, कारण निशांतने मागून धरलं.

"आज लवकर आले भाऊ?" शेजारच्या घरच्या जयवंताबाईंनी घाईघाईने ताट पुढे केलं. "उचलतो, उचलतो. तुमचं फाटक वाजलं का आमी दिवे उचलून घेत असतो. तुमच्या पूजेत खोळंबा नोको म्हनून."

"कोणाची पूजा? कसली पूजा?"

"तुमची! रोज दोनले डोक्शाले बांधून येता, चपला काढता, डोया मिटून जप करता. आमी पायतो ना."

"अहो बाई, हे थर्मामीटर आहे! देव नाही!"

जयवंताबाई माझ्याकडे जरा दयेने बघू लागल्या. "फयावर तं लिवलं होतं भाऊ, लहान देवस्थान. खाली तुमचं नाव. तुमी खोटं लिवसान काय?"

मी पाटावरून खाली उतरलो.

"अन् ऊन कसं तापून राह्यलं," त्या पुढे म्हणाल्या. "म्हनून देवाले मनलं, कमी कर रे बाप्पा. पयले एकच दिवा लावत होतो. मंग मोबाईलवर तुमचा आकडा वाढला, तं आमी दुसरा लावला. तुमचा आकडा अजून वाढला, तं तिसरा. आता पाच झाले, तरी तुमचा आकडा काऊन उतरत नाई हो?"

त्या बिचाऱ्या खरोखर काळजीने विचारत होत्या. मी तिथेच निंबाला टेकून खाली बसलो. माझे एकावन्न अंश हे तीन पणत्या, दोन समया आणि मी मारलेली एक टिक, यांची बेरीज होती.

निशांतने मोबाईल खिशात घातला. "काका, मी काही बघितलं नाही. ह्या बाया बोलणार नाहीत. तुम्ही संध्याकाळी आकडे वाचा, निंब वाचतील. काम चांगलं आहे ना? मग झालं."

घरी आलो. शरयूने पन्हं दिलं. मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"खरं सांगितलं तर निंब जातील," मी म्हणालो.

"जातील."

"आणि उन्हाचं खोटं नाही गं. माझे आकडे खोटे आहेत."

"काल वाचले असते तर ती चूक होती," ती पेला उचलत म्हणाली. "आज वाचाल तर लबाडी होईल. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मी वही घेऊन माळ्याखालच्या खोलीत बसलो. एक अक्षर खोडलेलं नव्हतं. इतकी स्वच्छ वही मी नोकरीतही ठेवली नव्हती. खोट्याला खाडाखोड लागत नाही, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मग उठून वेदश्रीच्या खोलीचं दार वाजवलं.

पाचला सभा भरली. पन्नासेक माणसं, सोसायटीच्या लाल खुर्च्या, निंबांची सावली. किसनराव म्हणाले, "आता दत्तोपंत पुरावा सादर करतील." टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगितलं. झटकायचा राहिलेला थर्मामीटर, कळस, अर्जावरची टिक, काजळी, गंज, खारी, दिवे. काजळीला प्रदूषण म्हटल्याचं सांगितलं तेव्हा पहिली रांग हसली. खारींपर्यंत सगळी सभा हसत होती. कारंजाच्या हॉटेलवाल्याला लिहिलेलं उत्तर कोणीतरी मोबाईलवरून मोठ्याने वाचून दाखवलं. मी हात जोडून उभा राहिलो. दुसरं काय करणार?

हसू ओसरल्यावर किसनराव म्हणाले, "म्हणजे ऊन वाढलं नाई, हे सिद्ध झालं."

"नाही," मी म्हणालो. "दत्तोपंताचा डबा खोटा आहे, एवढंच सिद्ध झालं. उन्हाचं काय ते माझी सून सांगेल. तिच्याजवळचे कागद मी दोन महिन्यांपूर्वीच बघायला हवे होते."

वेदश्री उठली. तिने वर्ध्याच्या जुन्या नोंदींवरून काढलेली रेघ दाखवली. एक वर्ष वर, एक वर्ष खाली, पण एकंदरीत हळूहळू चढत जाणारी. किती चढली, असं कोणीतरी विचारलं. तिने सांगितलं. एका अंशाच्या आसपासचा आकडा होता. सभा हिरमुसली. "बस? एवढंच?" मागून आवाज आला. "पंतांचे तर एकावन्न होते!" सरासरी एवढी सरकली तर उन्हाच्या लाटा किती वाढतात, हे ती समजावू लागली, पण खुर्च्या करकरू लागल्या होत्या. खरा आकडा एवढासा असतो आणि त्याच्या पुढे 'आसपास' लावावं लागतं, त्याला टाळ्या कोण देणार?

किसनरावांनी मत मागितलं. निंब तोडून सभागृह व्हावं, ज्यांना मंजूर त्यांनी हात वर करावेत. हात वर जाऊ लागले. मी निंबांकडे बघणं टाळलं. मग किसनराव मोजता मोजता थांबले.

"काऊन वासुदेवराव? तुमचा हात?"

वासुदेवराव उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नाही. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"मी अजूनबी म्हनतो, ऊन तेवढंच हाय," ते म्हणाले. "पन ह्या मानसानं दीड महिना उन्हात उभं राहून मोजलं. चुकलं, तं सोताच पन्नास लोकायसमोर येऊन सांगतलं. मी दोन महिने बाकावर बसून त्याले खोटं म्हनत होतो. माह्यापाशी काय होतं? माह्यापाशी तं खोटाबी आकडा नोयता." ते किसनरावांकडे वळले. "तुमच्यापाशी हाय काय?"

किसनरावांनी अर्ज चाळल्यासारखं केलं. वर गेलेले चार-दोन हात खाली आले.

"मंग पयले नीट मोजू द्या," वासुदेवराव म्हणाले. "मी राहीन संगं. झाडं उद्याबी तोडता येतात."

ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण शुद्ध मराठी लिहायला सभेत दुसरा कोणी कबूल होईना. मी लिहिलं: 'तापमानाबाबत खात्रीशीर पुरावा उपलब्ध होईपर्यंत निंबवृक्ष तोडू नयेत, मोजणी श्री. दत्तोपंत व श्री. वासुदेवराव यांनी संयुक्त सहीने करावी.' तेवढ्यात चहा आला आणि ठराव एकमताने मंजूर झाला. जयवंताबाईंनी डब्यावरचा हार स्वतः काढला आणि थर्मामीटर पदराने पुसला. अर्जातल्या टिकेवर मी काट मारली, शेजारी 'चूक' असं लिहून सही केली. तेहतीस अधिक आठ वर्षांतली ती माझी पहिली खाडाखोड.

सोमवारी दुपारी दोनला वासुदेवराव छत्री घेऊन फाटकात हजर. आम्ही दोघे डब्याशी गेलो. दार उघडून त्यांनी नाक आत घातलं.

"त्रेचाळीस."

"त्रेचाळीस पॉइंट चार," मी म्हणालो. "डोळा पाऱ्याच्या रेषेत आणा."

"पॉइंट चार तुमच्या पदरचे हायेत."

"माझ्या पदरचे म्हणजे? परत बघा!"

त्यांनी परत बघितलं, मी परत बघितलं. एका छत्रीखाली दोन म्हातारे दशांशावरून दहा मिनिटं भांडलो. वासुदेवरावांनी जयवंताबाईंना साक्षीला बोलावलं. त्या म्हणाल्या, मले ते बारीक दिसत नाई, पन तुमी दोघंबी सावलीत व्हा. शेवटी त्रेचाळीस पॉइंट तीनवर तडजोड झाली. मी लिहिलं, सही केली, वही त्यांच्यापुढे धरली.

सही करायच्या आधी ते थांबले. "पंत, एक सांगा. असं रोज मोजलं, तं किती दिवसांत पक्कं समजन, ऊन वाढून राह्यलं का नाई?"

"वेदश्रीला विचारलं मी. ती म्हणते, निदान तीस वर्षं मोजायला लागतं."

"तीस?"

"तीस."

वासुदेवराव बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांनी बोटं मोजली, एकदा पाच निंबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "किसनले सांगतलं काय तुमी हे?"

"त्याने विचारलं नाही."

त्यांनी वहीत सावकाश, टिंबवेलांटीसकट पूर्ण नाव लिहून सही केली. मग छत्री माझ्या डोक्यावर सरकवली.

"मंग उद्या दोनले येजो," ते म्हणाले. "अन् उशीर नोको करजो."